गिअर टाकायला लावणारी गाडी

पुण्याहून नगरच्या दिशेने निघालं की रांजणगाव गणपतीच्या शेजारी औद्योगिक वसाहत लागते. तोच रस्ता धरून छत्रपती संभाजीनगर ओलांडलं आणि जालन्याकडे वळलं की शेंद्रा येतं. या दोन ठिकाणांहून दहा-पंधरा वर्षांपूर्वी दोन गाड्या बाहेर पडल्या आणि आज जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांच्यावरूनच शौकिनांची भांडणं होतात. रांजणगावची फियाट लिनिया टी-जेट आणि शेंद्र्याची स्कोडा लॉरा व्हीआरएस. दोन्ही सेडान, दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या, दोन्हींना टर्बो आणि दोन्हींमध्ये डाव्या पायाला क्लच.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा. जोरकस सेडान आजही नव्या मिळतात, पण त्यातून क्लच हळूहळू नाहीसा होत चालला आहे. स्कोडाचाच इतिहास पाहावा. ऑक्टाव्हियाची पहिली व्हीआरएस भारतात २००४मध्ये आली, १.८ लिटर टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद आणि हाताने टाकायचे गिअर. २०११मध्ये लॉरा व्हीआरएस आली, तिलाही सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स होता. २०१३मध्ये लॉराची जागा नव्या ऑक्टाव्हियाने घेतली आणि १.८ लिटरचं ताकदवान इंजिन फक्त ऑटोमॅटिकच्या जोडीने मिळू लागलं. त्यानंतर २०१७, २०२० आणि २०२५मध्ये आलेल्या तिन्ही आरएस गाड्यांमध्ये ताकद २३०, २४५, २६५ पीएस अशी चढत गेली, पण क्लचचं पेडल एकीतही नव्हतं. २०२५ची आरएस तर जवळपास पन्नास लाखांना, मोजक्या शंभरच आल्या. त्यामुळे स्वतःच्या हाताने गिअर टाकत जोरकस सेडान चालवायची हौस असलेला माणूस जुन्या बाजाराकडे वळतो आणि तिथे या दोन गाड्यांपाशी अडखळतो.

बहुतेक जण हा प्रश्न आकड्यांवर सोडवतात. लॉराची ताकद १६० पीएस, टॉर्क २५० न्यूटन मीटर. लिनियाची ताकद ११४ पीएस, टॉर्क २०७. नवी असताना लॉरा व्हीआरएस पंधरा लाखांच्या पुढे होती आणि लिनिया टी-जेट नऊ लाखांच्या आसपास. मागच्या चाकांचं सस्पेन्शन लॉरामध्ये स्वतंत्र मल्टिलिंक, तर लिनियामध्ये साधा टॉर्शन बीम. कागदावर सामना एकतर्फी आहे. लॉरा जास्त पळते, महामार्गावर जास्त भक्कम वाटते आणि तिचा दरवाजा बंद होताना जो आवाज येतो, त्यावर तर कित्येक व्यवहार जागच्या जागी ठरले असतील.

तरीही हौस गिअर टाकण्याची असेल, तर घ्यावी लिनियाच.

हे म्हणणं उलटं वाटेल, पण त्याचं कारण इंजिनांच्या स्वभावात आहे. लॉराचं १.८ टीएसआय इंजिन जेमतेम १५०० आरपीएमला पूर्ण टॉर्क देऊ लागतं आणि तो चार हजारांच्या पुढेपर्यंत टिकवतं. अभियांत्रिकी म्हणून हे उत्तमच. मात्र चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी आणि विसरून जावं. सिंहगड रस्त्यावरची गर्दी असो की वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, तिसरा गिअर सगळं निभावून नेतो. वळणाआधी दुसरा टाकला नाही म्हणून गाडी तक्रार करत नाही. महिनाभरात चालवणाऱ्याचा हात गिअरवर विनाकारण पडून राहतो आणि ज्या कामासाठी ही गाडी घेतली ते काम इंजिनच उरकून टाकतं.

लिनियाचं १.४ टी-जेट इंजिन याच्या नेमकं उलट. दोन हजार आरपीएमच्या खाली ते मरगळलेलं असतं. टर्बो जागा व्हायला वेळ लागतो आणि तोवर अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी जणू ऐकतच नाही. समीक्षकांनी ही उणीव तेव्हाच दाखवली होती आणि शहरातल्या गर्दीत ती खरोखर त्रास देते. पण घाटात तीच उणीव चालकाला शिस्त लावते. वळणाच्या आत शिरण्यापूर्वी वेग कमी करायचा, दुसरा टाकायचा, आरपीएमचा काटा तीन हजारांच्या जवळ ठेवायचा आणि गाडी सरळ होत असताना अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. जमलं तर लिनिया वळणातून उसळून बाहेर येते. चुकलं, उशिरा टाकला किंवा आळस केला, तर मागून येणारी एसटीही भोंगा वाजवते. दर वळणाला असा छोटा निकाल लागत जातो. मॅन्युअल गाडीची सारी गंमत याच निकालात असते.

स्टिअरिंगचंही तसंच. लिनियाला जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, तेलाच्या दाबावर चालणारं. ते थोडं जड आहे, पार्किंग करताना दंडाला कळतं, पण रस्ता कसा आहे याची खबर ते थेट तळहाताला देतं. लॉराचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. हलकं, नेमकं आणि जरा अबोल. टी-जेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे घाट उतरतानाही काळजी कमी. लॉरा व्हीआरएसची बैठक मुळातच बसकी. राज्यमार्गांवरच्या बेवारस गतिरोधकांवर पोट घासल्याचा आवाज ऐकायची तयारी असावी लागते.

वेगाचा मुद्दा उरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि आता ती कॅमेऱ्यांच्या नजरेखाली आहे. समृद्धी महामार्गावर ती १२० आहे. या वेगांना दोन्ही गाड्या सहज पोचतात आणि तिथे दिवसभर राहू शकतात. १६० पीएसमधले वरचे चाळीस-पन्नास पीएस जिथे कामाला येतात तो वेग कायद्याच्या पलीकडचा. अपवाद एकच, एकपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना. तिथे लॉराचा झटकन मिळणारा जोर खरोखर जीव वाचवू शकतो. लिनियात तोच डाव टाकायचा तर आधी एक गिअर खाली यावं लागतं.

आता दुखणी. जुनी टर्बो गाडी घेणं म्हणजे तिच्या दुखण्यांसकट तिला घरात घेणं आणि इथे दोन्ही गाड्यांची घराणी वेगळी आहेत. लॉराच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल कधी पडतच नाही आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागच्या बाजूला काजळी साचत जाते. ती काढायची रूढ पद्धत मजेशीर आहे. अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात, म्हणजे काजळी निघते आणि धातूला ओरखडा पडत नाही. दुसरं दुखणं टायमिंग चेनचं. चेन आयुष्यभर टिकावी अशी कल्पना होती, पण तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरची सुरुवातीची रचना कमकुवत निघाली आणि कंपनीला ती पुढे बदलावी लागली. थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू आली तर तिथेच सावध व्हावं, कारण चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिसरं, ही इंजिनं तेल पितात. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती लिटर टाकावं लागतं हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारावा आणि ‘अजिबात नाही’ असं उत्तर आलं तर डिपस्टिक काढून पाहावी. क्लच बदलायचा झाला तर सोबतचं ड्युअल मास फ्लायव्हील खर्चाचा आकडा भलताच वर नेतं.

टी-जेट इंजिन त्यामानाने जुन्या वळणाचं. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे ते स्वतःच व्हॉल्व्ह धूत राहतं आणि काजळीची कटकट नाही. चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो ठरल्या मुदतीत बदलावा लागतो, पण बदलला की बदलला. मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते काम उरकावं, मीटरवरचा आकडा काहीही सांगो.

लिनियाची खरी अडचण इंजिनात नाही, ती दुकानात आहे. फियाटने २०२०च्या बीएस-६ नियमांच्या तोंडावर भारतात फियाट नावाच्या मोटारी बनवणं थांबवलं. रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथे आता जीप बनतात. सस्पेन्शनचे बरेच भाग पुंटोशी आणि दरवाजे, काचा, दिवे डिझेल लिनियाशी जुळतात, त्यामुळे ते पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधले तर सापडतात. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन मारुती आणि टाटांच्या गाड्यांतही इतक्या मोठ्या संख्येने बसलं, की त्याचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. टी-जेटच्या नशिबी ते भाग्य नव्हतं. त्याचा टर्बो आणि त्याचा कंट्रोल युनिट भारतात लिनिया आणि अबार्थ पुंटो अशा थोड्याच गाड्यांना होता. यातला एखादा भाग गेला तर फोन फिरवावे लागतात, शौकिनांच्या गटात विचारणा करावी लागते, कधी गाडी दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहते. लॉराचं तसं नाही. तिच्या इंजिनाचं कुटुंब स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडीच्या कितीतरी गाड्यांत आहे, भाग महाग पण मिळतात.

म्हणून घरात एकच गाडी असेल, रोज ऑफिसला तीच न्यायची असेल आणि आईला दवाखान्यात तीच नेणार असेल, तर लिनियाचा नाद सोडावा. अशा घराने लॉरा घ्यावी. मात्र व्हीआरएस नव्हे.

व्हीआरएसच्या चाहत्यांना हे झोंबेल. लॉरा म्हणजे त्या पिढीची ऑक्टाव्हियाच आणि परदेशात तिच्या व्हीआरएसला दोन लिटरचं २०० पीएसचं इंजिन होतं. भारतात आलेल्या व्हीआरएसला साध्या लॉरा टीएसआयचंच १.८ लिटर, १६० पीएस इंजिन मिळालं. जास्तीचं होतं ते बाहेरचं रूप, आसनं, कडक सस्पेन्शन आणि ती तीन अक्षरं. जुन्या बाजारात मात्र या अक्षरांची स्वतंत्र किंमत लावली जाते. साधी लॉरा टीएसआय मॅन्युअल बऱ्याचदा मधल्या वयाच्या डॉक्टरांनी, लहान कारखानदारांनी घेतली, नेमाने सर्व्हिसिंग केली आणि सौम्यपणे चालवली. व्हीआरएस ज्यांनी घेतली त्यांनी ती पळवण्यासाठीच घेतली. इंजिन तेच असताना दमलेलं कुठलं आणि ताजं कुठलं, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. शिवाय साध्या लॉरावर व्हीआरएसचा बिल्ला आणि बंपर चढवून विकायचे प्रकारही होतात. आरसीवरचं मॉडेल आणि चासी क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

शौकिनांच्या गाड्यांमध्ये आणखी एक छुपा खर्च असतो, रीमॅप. इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवतात आणि वीस-तीस पीएस जास्तीचे मिळवतात. ‘स्टेज वन’ हा शब्द विक्रेते अभिमानाने सांगतात, जणू ते बक्षीस आहे. घेणाऱ्याने ते कर्ज समजावं. मूळ क्लच त्या टॉर्कसाठी बनलेला नसतो. चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. आरपीएमचा काटा उडी मारतो आणि वेग मात्र मागे राहतो, तर क्लच घसरतो आहे. कायद्याचा भागही आहे. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना स्पष्ट केलं, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांत वाहनमालकाला मनमानी बदल करता येत नाहीत. अपघात झाला आणि इंजिनात फेरफार आढळला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्यामुळे ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी स्कॅनरला लावून घ्यावी. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली नाही तर पाहणी अर्धीच झाली. पुढच्या आडव्या पट्टीवरचं वेल्डिंग, बॉनेटच्या स्क्रूंवरचा उडालेला रंग, बदललेल्या काचेवरचं वेगळं वर्ष, ठोकलेली गाडी अशा जागी सापडते.

पाहणी सकाळी करावी आणि आपण पोचेपर्यंत गाडी चालू करू नका, असं विक्रेत्याला आधीच सांगावं. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा. ते कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं आहे.

पेट्रोलचा प्रश्न पूर्वी नव्हता, आता आहे. २०२५मध्ये देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हेच सर्वसाधारण पेट्रोल झालं. ते सोसतील असे भाग नव्या गाड्यांना सक्तीचे झाले ते २०२३च्या एप्रिलपासून. लिनिया आणि लॉरा दोन्ही त्याआधीच्या. जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि पेट्रोल पंप यांच्यावर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो आणि अ‍ॅव्हरेजही थोडं घटतं. गाडी घेतल्यावर पेट्रोलच्या नळ्या तपासून शंकास्पद असतील त्या बदलणं हा मोठा खर्च नाही. दुसरं, गाडी तीन-तीन आठवडे न हलवता उभी ठेवू नये. हौसेच्या गाड्यांच्या नशिबी नेमकं हेच उभं राहणं येतं.

कागदपत्रांत घाई महागात पडते. २०११ची गाडी २०२६मध्ये पंधरा वर्षांची होते आणि तिथे नोंदणीची मुदत संपते. त्यापुढे फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचं शुल्क भरून पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. मोटारींसाठी हे शुल्क २०२२च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार रुपये झालं. गाडी वीस वर्षांची झाली की ते दहा हजार. व्यवहार ठरवताना नूतनीकरण कोण करणार हे आधी बोलून घ्यावं, कारण मुदत संपलेली गाडी नावावर करायला आरटीओत दुप्पट खेपा होतात. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे की नाही, थकीत ई-चलन किती, एवढं त्याच दिवशी पाहून घ्यावं. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथे पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर वर्षानुवर्षं निर्बंधांची टांगती तलवार राहिली, म्हणून तिथले मालक त्या बाहेर काढतात. पण महाराष्ट्रात आणल्यावर इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो आणि तो धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

कोणती गाडी याआधी कोणता मेकॅनिक, हा प्रश्न सोडवावा. नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत एखादा तरी जुना फियाटवाला सापडतो, ज्याने पद्मिनीच्या काळात उमेदवारी केली आणि पुंटो-लिनियांवर हात साफ केला. तसा माणूस गावात असेल तर लिनिया घ्यायला हरकत नाही. तो नसेल आणि जवळ स्कोडा-फोक्सवॅगनचं काम करणारं स्वतंत्र गॅरेज असेल, तर साधी लॉरा टीएसआय. दोन्ही नसतील तर या वयाच्या टर्बो गाड्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

असा माणूस मग क्लचला मुकतो का? अजून तरी नाही. चाकणहून निघालेल्या स्कोडा स्लाव्हियात २०२२पासून १.५ टीएसआय इंजिन, १५० पीएस आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स मिळू लागला. तिची सख्खी बहीण फोक्सवॅगन व्हर्टस जीटी सुरुवातीला फक्त ऑटोमॅटिक होती, २०२३मध्ये तिलाही मॅन्युअल आला. त्याच वर्षी ह्युंदाईची व्हर्ना १६० पीएसच्या टर्बो इंजिनासह सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिघींनाही पाच तारे मिळाले. फरक एवढाच, की स्लाव्हिया-व्हर्टसचा सांगाडा स्थिर ठरला आणि व्हर्नाचा अस्थिर. या गाड्या आता पहिल्या मालकाच्या हातून सुटून जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. किंमत लिनियाच्या कित्येक पट, पण टायमिंग चेनची खडखड नाही, टर्बोसाठी फोनाफोनी नाही आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरात आहे. घेताना गाडी बनल्याचा महिना पाहावा. २०२३च्या एप्रिलनंतरची असेल तर पेट्रोलचीही चिंता मिटते, त्याआधीची असेल तर पेट्रोलच्या नळ्या बदलण्याच्या खर्चाइतके पैसे कमी करून मागावेत.